किंग्जने चुकीचा गार्ड दिला : हॅलिबर्टन, फॉक्स आणि २०२२ चा ट्रेड

बेसलाइन :

मुद्दा आधीच मांडून टाकतो, मग हवं तेवढं तुटून पडा. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्जने ८ फेब्रुवारी २०२२ ला टायरीस हॅलिबर्टन, बडी हील्ड आणि ट्रिस्टन थॉम्पसन इंडियाना पेसर्सला दिले आणि बदल्यात डोमांटास सबोनिस, जस्टिन हॉलिडे, जेरेमी लॅम्ब आणि ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, दुसऱ्या फेरीतला एक पिक (निवडीचा हक्क) घेतला. सबोनिसला आणलं यात मला काही वावगं वाटत नाही. दिला तो माणूस चुकला. किंग्जकडे तेव्हा दोन तरुण पॉइंट गार्ड (चेंडू हातात घेऊन खेळ चालवणारे) होते आणि जो ठेवायचा तोच त्यांनी दिला.

आजचं सोडा, त्या दिवशीचं चित्र बघा. डीॲरन फॉक्स २४ वर्षांचा, २०१७ च्या ड्राफ्टमधला पाचवा, पाच वर्षांचा मॅक्स (नियमात बसेल तेवढ्या कमाल पगाराचा) करार झालेला. वेग अफाट, पण त्या मोसमात त्याचे शंभरातले तीसही थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) जात नव्हते. हॅलिबर्टन २१ वर्षांचा, २०२० मध्ये बाराव्या क्रमांकापर्यंत घसरत आला म्हणून किंग्जच्या पदरात पडलेला. पहिल्याच वर्षी ऑल-रूकी, म्हणजे सर्वोत्तम नवोदितांच्या, पहिल्या संघात. दुसऱ्या वर्षी सामन्याला सातच्या वर असिस्ट (ज्यावर साथीदार बास्केट करतो असे पास) आणि ४१ टक्के थ्री. पगार सुमारे ४० लाख डॉलर, फॉक्सचा सुमारे २ कोटी ८० लाख. वयाने लहान, नेमबाजीत सरस, पगाराला हलका, आणि मुख्य म्हणजे त्याला सॅक्रामेंटोतच राहायचं होतं. हे तो उघडपणे सांगत असे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०२३-२४ मध्ये तो असिस्टमध्ये लीगमध्ये पहिला आला आणि पेसर्स ईस्टच्या (पूर्व विभागाच्या) फायनलपर्यंत गेले. २०२५ मध्ये तर त्यांनी थेट एनबीए फायनल्स गाठली, २००० नंतर पहिल्यांदा. सातव्या सामन्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याचा टाचेचा स्नायूबंध तुटला नसता तर विजेतेपदही दूर नव्हतं. इकडे फॉक्स फेब्रुवारी २०२५ मध्ये सॅन अँटोनियोला गेला. म्हणजे ज्याच्यासाठी हॅलिबर्टनला दिला, तोही तीन वर्षांत हातचा गेला.

या दोन संघांशी आपल्याकडच्या बऱ्याच जणांचं नातं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले ते याच दोघांत. पहिल्याला शाळकरी मुलांनी डोम भरला होता आणि पेसर्सने तो ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असा एका गुणाने घेतला. किंग्जकडे फॉक्स आणि हील्ड, पेसर्सकडे सबोनिस. किंग्जचे मालक विवेक रणदिवे जन्माने मुंबईचेच. त्यामुळे या संघाचं वाईट झालं की मला ते परकं वाटत नाही, आणि म्हणूनच या ट्रेडचा राग अजून जात नाही.


सॅकटाऊनकर :

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी इथे सॅक्रामेंटोत राहतो. २००६ नंतर सलग सोळा मोसम किंग्ज प्लेऑफ्समध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेरीत) नव्हते, एनबीएच्या इतिहासात एवढा लांब उपास दुसऱ्या कुणाला घडलेला नाही. मधल्या काळात, २०१३ मध्ये, संघच सिएटलला निघाला होता. शाळेत जाणारी मुलं कॉलेज संपवून नोकरीला लागली तरी त्यांनी आपल्या संघाचा एक प्लेऑफ सामना पाहिलेला नव्हता.

सबोनिस आला आणि पुढच्याच पूर्ण मोसमात ४८ विजय, वेस्टमध्ये तिसरा क्रमांक. फॉक्स आणि सबोनिस दोघेही ऑल-स्टार, दोघेही ऑल-एनबीए (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) तिसऱ्या संघात. माइक ब्राऊन एकमताने सर्वोत्तम कोच. शेवटच्या मिनिटांत सामने जिंकून देणाऱ्याला द्यायचा क्लच प्लेअरचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि पहिला मानकरी फॉक्स. प्रत्येक विजयानंतर मैदानाच्या छपरावरून जांभळा लेझरचा झोत आकाशात सोडायचे. तो घरातून दिसायचा. लोक बाल्कनीत येऊन बघायचे, शेजारपाजारचे एकमेकांना हाका मारायचे.

१५ एप्रिल २०२३ ला गोल्डन स्टेटविरुद्ध पहिला प्लेऑफ सामना झाला, फॉक्सने ३८ गुण केले आणि आम्ही १२६-१२३ जिंकलो. त्या रात्री गावात जे वातावरण होतं ते बघून मग कुणी मला सांगावं की हा ट्रेड चुकला. तुम्ही ज्याला द्यायला निघाला आहात त्याच फॉक्सने ते दिवस दाखवले.


बेसलाइन :

त्या मोसमाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण माझा प्रश्न तुम्ही घेतलाच नाहीत. सबोनिस तर माझ्याही संघात आहे. सबोनिस आणि हॅलिबर्टन ही जोडी तेच करू शकली नसती का?


धनतोलीकर :

बेसलाइन, ट्रेडला दोन बाजू असतात हे तुम्ही विसरताय. इंडियानाने सबोनिसच्या बदल्यात फॉक्स घेतला असता असं तुम्ही गृहीतच धरलंय. सबोनिस दोनदा ऑल-स्टार झालेला, वय २५, कराराची दोन वर्षं शिल्लक, पगार फॉक्सच्या पगारापेक्षा बराच कमी. पेसर्सना संघ नव्याने उभा करायचा होता. नव्याने उभा करणाऱ्याला काय हवं असतं? रूकी करारावरचा (नवोदिताच्या पहिल्या, कमी पगाराच्या करारावरचा), अजून कित्येक वर्षं हातात राहणारा तरुण खेळाडू. फॉक्स दिला तर त्यांना मॅक्स पगाराचं ओझं घ्यावं लागलं असतं, शिवाय पगारांची बेरीज जुळवायला आणखी एखादा चांगला माणूस सोडावा लागला असता. हॅलिबर्टन मिळतोय म्हटल्यावरच त्यांनी सबोनिस सोडला.

म्हणजे खरा पर्याय हॅलिबर्टन की फॉक्स हा नव्हताच. हॅलिबर्टन देऊन सबोनिस, नाहीतर सबोनिस नाही, असा होता. आणि तेव्हा किंग्ज २० विजय, ३५ पराभवांवर होते, ल्यूक वॉल्टनला नोव्हेंबरातच काढलं होतं, हंगामी कोचवर गाडी ढकलत होते. काहीच न करता बसणं परवडणारं नव्हतं.


मुक्ता_वारजे :

धनतोलीकर, तुमचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. समोरचा हुशार संघ जर हटून बसला की आम्हाला फॉक्स नको, हॅलिबर्टनच हवा, तर किंग्जने तिथेच सावध व्हायला हवं होतं. बाजारात ज्याला जास्त भाव आहे तो आपण कमी का लेखतोय, हा प्रश्न त्या टेबलावर कुणाला तरी पडायला हवा होता.

आणि असा पेच याच कॅलिफोर्नियात दहा वर्षांपूर्वी एका संघाने नीट सोडवला होता. मार्च २०१२. गोल्डन स्टेटकडे दोन गार्ड : मॉन्टा एलिस आणि स्टीफन करी. एलिस प्रेक्षकांच्या गळ्यातला ताईत, सामन्याला वीसच्या वर गुण करणारा, धावत सुटला की अडवता न येणारा. करीचा घोटा सारखा दुखावलेला, त्या मोसमात तो जेमतेम २६ सामने खेळला. व्यवस्थापनाने एलिस मिलवॉकीला देऊन अँड्र्यू बोगट घेतला, जो तेव्हा स्वतः जायबंदी होता. लोक इतके भडकले की आठवड्याभरात ख्रिस मलिनची जर्सी निवृत्त करण्याच्या सोहळ्यात मालक जो लेकब बोलायला उभा राहिला तर त्याला बोलूच देईनात. भर मैदानात, स्वतःच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. मलिनला मध्ये पडून लोकांना शांत व्हा म्हणावं लागलं. तीन वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच करीने आणि त्याच बोगटने विजेतेपद आणलं.

तिथे कसोटी काय लावली होती? कोण जास्त गुण करतो ही नाही. कुणाच्या हातात चेंडू असला की बाकीच्या चौघांचा खेळ वर जातो, आणि चेंडू हातात नसला तरी कोण उपयोगी पडतो, ही. ती कसोटी फॉक्स आणि हॅलिबर्टनला लावा. बाहेरून ४१ टक्के मारणारा माणूस कोपऱ्यात नुसता उभा राहिला तरी त्याचा बचावपटू त्याला सोडून जाऊ शकत नाही. फॉक्सला तेव्हा सगळे सोडून जात होते.


शिट्टी :

मी पुण्यात मुलांना बास्केटबॉल शिकवतो, म्हणून पगार आणि ड्राफ्ट बाजूला ठेवून फक्त कोर्टवरचं बोलतो. माझं मत बेसलाइनच्या विरोधात आहे.

सबोनिसचा खेळ कसा चालतो ते आधी पाहा. तो फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्याशी, कधी आणखी वर, पाठमोरा चेंडू घेऊन उभा राहतो. गार्ड त्याच्या अंगाला जवळजवळ घासून वळसा घेतो, सबोनिस चेंडू त्याच्या हातात ठेवतो आणि त्याच हालचालीत पुठ्ठा लावून त्याच्या मागे लागलेल्या बचावपटूची वाट अडवतो. त्या क्षणी गार्डला एक पाऊल मोकळं मिळतं. त्या एका पावलाचं सोनं करायचं तर फॉक्ससारखा वेग हवा. तो डावखुरा माणूस हँड-ऑफ घेऊन दोन ढांगांत रिंगपाशी असायचा, आणि मदतीला बचाव आत आला की बाहेर केव्हिन ह्युर्टर आणि कीगन मरे मोकळे. मरेने पदार्पणाच्या मोसमात २०६ थ्री टाकले, रूकीचा तोवरचा विक्रम. किंग्जचं आक्रमण त्या वर्षी एनबीएच्या इतिहासात तोवरचं सर्वांत कार्यक्षम होतं. ही जोडी जुळून आली होती.

आता हॅलिबर्टन. त्याला चेंडू हातात घेऊन पूर्ण कोर्ट डोळ्यांसमोर हवं असतं. समोरच्याने बास्केट केली तरी त्याचा साथीदार कोर्टच्या मागच्या रेषेवरून चेंडू आत टाकतो तोवर हा मान वर करून कोण पुढे सुटलाय ते बघत असतो. दोन ड्रिबल, आणि अर्ध्या कोर्टवरून पास. बचाव उभाच राहायचा असतो तेवढ्यात शॉट. यासाठी सगळ्या पाचांना धावावं लागतं आणि सेंटरला बाहेर उभं राहून थ्री मारता यावा लागतो, म्हणजे आतली जागा रिकामी राहते. इंडियानात त्याला माइल्स टर्नर मिळाला, जो नेमका तेच करतो, आणि पुढे जानेवारी २०२४ मध्ये पास्कल सियाकम. शिवाय रिक कार्लाइलसारखा कोच, ज्याने हाक मारून प्ले सांगणं कमी करून सगळं या मुलाच्या नजरेवर सोडलं.

सबोनिस बाहेरून फारसा मारत नाही, तो आत जागा घेतो आणि त्यालाही पास करायला चेंडू हवा. एका संघात दोन सूत्रधार. टर्नर आणि सबोनिस एकत्र कोंडी करतात हे इंडियानानेच अनुभवलं होतं, म्हणून तर त्यांनी एकाला सोडलं. तेव्हा हॅलिबर्टन आणि सबोनिस ही जोडी कागदावर छान दिसते, पण २०२५ चा हॅलिबर्टन तिच्यातून निघाला असता यावर माझा विश्वास नाही. खेळाडू असा वेगळा काढून तोलता येत नाही, भोवतालचे चार बघावे लागतात.


बेसलाइन :

शिट्टी सर, हँड-ऑफचं वर्णन अगदी बरोबर आहे. पण हँड-ऑफ घेणाऱ्याला नुसता वेग लागत नाही. ह्युर्टरकडे फॉक्सचा वेग कुठे होता? त्याला सबोनिसच्या हँड-ऑफवर आयुष्यातले सर्वांत सोपे थ्री मिळाले, कारण बचावपटूला अडथळ्याच्या खालून जाता येत नव्हतं. हॅलिबर्टन ह्युर्टरपेक्षा चांगला नेमबाज आणि कितीतरी चांगला पासर.

आणि त्या आक्रमणाचं प्लेऑफ्समध्ये काय झालं? गोल्डन स्टेटने केव्हॉन लूनीला सबोनिसपासून चार पावलं मागे, रिंगपाशी उभं केलं. मार म्हणाले बाहेरून. सबोनिस मारेना. आतली वाट बंद झाली. सातव्या सामन्यात लूनीने २१ रिबाउंड घेतले आणि करीने ५० गुण केले, तेही सॅक्रामेंटोत. वर्षभर लीगला भारी पडलेला खेळ दोन आठवड्यांत वाचला गेला. बाहेरून मारणारा गार्ड तिथे हवा होता.


सॅकटाऊनकर :

त्या मालिकेचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्या. पहिले दोन सामने आम्ही जिंकले होते. दुसऱ्यात ड्रेमंड ग्रीन सबोनिसच्या छातीवर पाय देऊन गेला आणि तिसऱ्याला निलंबित झाला. चौथा सामना १२६-१२५ असा गेला, हॅरिसन बार्न्सचा शेवटचा थ्री बाहेर पडला. तो आत पडता तर मालिका ३-१. आणि त्याच सामन्यात फॉक्सच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक मोडलं. ज्या हाताने तो शॉट मारतो तोच हात. उरलेले सामने तो तसाच खेळला.

पहिल्याच प्लेऑफ्समध्ये गतविजेत्यांना सातव्या सामन्यापर्यंत नेलं आणि तुम्ही त्याला नापास ठरवता. त्याच वर्षी हॅलिबर्टनचे पेसर्स ३५ जिंकून ४७ हरले आणि घरी बसले होते. एप्रिल २०२३ मध्ये हा प्रश्न कुणी विचारला असता तर उत्तर काय आलं असतं ते प्रामाणिकपणे सांगा. सगळा न्याय २०२५ मधूनच का?


नागपाडा :

दोन्हीकडचं वाचलं. मला वाटतं भांडण चुकीच्या तारखेवर चाललंय. २०२२ चा ट्रेड दोन्ही संघांच्या कामी आला. घोळ त्यानंतर झाला.

२०२३ नंतर किंग्जने तोच संघ जवळजवळ तसाच पुढे नेला. ४६ विजय मिळाले, पण वेस्ट वर सरकली आणि हे नववे आले. प्ले-इनमध्ये (प्लेऑफ्सच्या शेवटच्या जागांसाठीच्या सामन्यांत) न्यू ऑर्लिन्सकडून हरले. बचावाला उंच, रिंग राखणारा माणूस हवा होता हे सबोनिसला रोज बघणाऱ्या कुणालाही दिसत होतं. त्याऐवजी जुलै २०२४ मध्ये डेमार डेरोझन आणला, म्हणजे आणखी एक चेंडू हातात लागणारा आणि बाहेरून कमी मारणारा. २७ डिसेंबर २०२४ ला माइक ब्राऊनला काढलं, दीड वर्षापूर्वी ज्याला सर्वोत्तम कोच म्हणून गौरवलं त्याला. फॉक्सने त्याआधीच कराराची मुदतवाढ घेतली नव्हती. फेब्रुवारीत त्याला सॅन अँटोनियोला पाठवला आणि हातात आला झॅक लव्हीन आणि काही पिक. ४० विजय, ४२ पराभव, घरच्या मैदानावर प्ले-इनमध्ये डॅलसकडून हार, आणि त्याच रात्री जनरल मॅनेजर मॉन्टे मॅकनेअरही गेला.

फॉक्सला दोष देणाऱ्यांना एक सांगतो. साडेसात मोसमांत त्याला पाच कोच लाभले : जोएर्गर, वॉल्टन, जेंट्री, ब्राऊन, ख्रिस्टी. दर दीड वर्षाने नवा माणूस येऊन नवं काही शिकवतो. कोणता खेळाडू तिथे आयुष्य काढेल?


मुक्ता_वारजे :

नागपाडा, पाच कोचांची यादी मला पटली आणि फॉक्सवर माझा राग नाही. पण मग तोच न्याय लावा. अशा संघात, जिथे टिकायला कुणी तयार नसतं, एक २१ वर्षांचा मुलगा उठून म्हणतो की मला इथेच राहायचंय, हा संघ मला वर आणायचाय. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसला अशा माणसाची गरज नाही, त्यांच्याकडे लोक आपणहून येतात. सॅक्रामेंटोला होती. त्याला ट्रेडची कुणकुणही नव्हती आणि तो किती दुखावला हे त्याने नंतर मोकळेपणाने सांगितलं. इंडियानापोलिसही लहानच बाजारपेठ आहे, त्यांनी त्याला जुलै २०२३ मध्ये मॅक्स करार दिला आणि त्याने आनंदाने सही केली.


धनतोलीकर :

राहायची इच्छा आणि राहणं यांत फरक असतो ताई. २०२० मध्ये फॉक्सनेही आनंदानेच सही केली होती. हॅलिबर्टनचा तिसरा कोच आणि चौथा पराभूत मोसम आला असता तेव्हा तो काय म्हणाला असता ते सांगता येत नाही. वॉल्टन आणि जेंट्री असे दोन कोच तर त्याने दीड वर्षातच बघितले होते.


बेसलाइन :

नागपाडा म्हणतात घोळ नंतर झाला. मी म्हणतो तो एकच घोळ आहे, आधीपासून चालत आलेला. २०१७ मध्ये डीमार्कस कझिन्स दिला आणि त्याबदल्यात मुख्य माणूस मिळाला बडी हील्ड. २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर लुका डॉन्चिच सोडून मार्व्हिन बॅग्ली घेतला. २०२१ मध्ये दोन पॉइंट गार्ड घरात असताना नवव्या क्रमांकावर डेव्हियन मिचेल हा तिसरा आणला. मग गर्दी झाली म्हणून एक द्यावा लागला. गर्दी त्यांनीच केली होती.

आता इंडियानाची साखळी बघा. २०१७ मध्ये पॉल जॉर्ज जाणारच होता, तर त्याच्या बदल्यात ओक्लाहोमाकडून व्हिक्टर ओलाडिपो आणि कोवळा सबोनिस घेतला. तेव्हा सगळे म्हणाले, फारच स्वस्तात दिला. सबोनिस ऑल-स्टार झाला, आणि त्याची किंमत सर्वांत वर असताना तो देऊन हॅलिबर्टन घेतला. दर वेळी जाणाऱ्यापेक्षा येणारा वयाने लहान. किंग्ज त्याच काळात दर वेळी आजच्या घाईसाठी उद्याचा माणूस देत गेले.

सॅकटाऊनकर, एप्रिल २०२३ मध्ये विचारलं असतं तर मी तेव्हाही हेच म्हटलं असतं, कारण तेव्हाही हॅलिबर्टन ऑल-स्टार झालेला होता आणि फॉक्सपेक्षा दोन वर्षांनी लहान होता.


शिट्टी :

किंमत सर्वांत वर असताना विकलं, हे खरंय. पण ओलाडिपोचा गुडघा गेला नसता तर कदाचित सबोनिसला विकायची वेळच आली नसती. साखळी मागे वळून बघताना सरळ दिसते.


मुक्ता_वारजे :

मग मागे वळून न बघता एकच क्षण घ्या, सर. २१ मे २०२५, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, निक्सविरुद्ध ईस्ट फायनलचा पहिला सामना. तीन मिनिटंही उरलेली नाहीत आणि पेसर्स १४ गुणांनी मागे. ॲरन नेस्मिथ एकामागून एक थ्री टाकत सुटला. शेवटच्या ताब्यात हॅलिबर्टन आधी आत घुसला, वाट बंद दिसली, चेंडू घेऊन उलटा बाहेर आला आणि वळून मारला. चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आपटून बॅकबोर्डच्याही वर उडाला आणि सरळ जाळीत. पाय रेषेवर होता म्हणून दोनच गुण, १२५-१२५. ओव्हरटाइममध्ये १३८-१३५.

चेंडू आत पडणं हा भाग दैवाचा असेल. पण त्याच प्लेऑफ्समध्ये त्याने मिलवॉकीला पाचव्या सामन्यात १.३ सेकंद उरले असताना, क्लीव्हलँडला दुसऱ्यात १.१ सेकंद उरले असताना आणि ओक्लाहोमाला फायनल्सच्या पहिल्यात ०.३ सेकंद उरले असताना मारलं. त्या शेवटच्या सामन्यात पेसर्सनी आघाडी घेतली ती फक्त तेवढ्याच तीन दशांश सेकंदांसाठी. आणि निक्सविरुद्ध चौथ्या सामन्यात ३२ गुण, १५ असिस्ट, १२ रिबाउंड, एकदाही चेंडू गमावला नाही. ज्याला त्या एप्रिलमध्येच एका निनावी पाहणीत एनबीएच्या खेळाडूंनी सर्वांत फाजील गाजावाजा झालेला खेळाडू ठरवलं होतं, त्याने हे केलं. क्लच पुरस्कार फॉक्सला मिळाला असेल, पण मे-जूनमध्ये असं खेळलेला किंग्जचा एकही खेळाडू गेल्या वीस वर्षांत मला दाखवा.


सॅकटाऊनकर :

दाखवता येणार नाही. त्या गार्डनमधल्या शॉटला मीही उभा राहिलो होतो, तो पोरगा आमच्याकडे होता हे आठवून. पण म्हणून २०२३ हिरावून घेऊ देणार नाही. मी पुन्हा विचारतो, बेसलाइन. धनतोलीकरांच्या मुद्द्याला तुम्ही अजून हात लावलेला नाही. इंडियानाने फॉक्स नाकारला असता तर तुम्ही काय केलं असतं? सबोनिसशिवाय, सतराव्या वर्षी, हॅलिबर्टन आणि फॉक्स दोघांना घेऊन खेळला असतात?


बेसलाइन :

हो. उन्हाळ्यापर्यंत थांबलो असतो. त्या मोसमात किंग्ज ट्रेडनंतर दहा जिंकून सतरा हरलेच, म्हणजे फेब्रुवारीत घाई करून त्या वर्षी काही मिळालं नाही. उन्हाळ्यात चौथ्या क्रमांकावर कीगन मरे येणारच होता, ह्युर्टर अटलांटाहून जुलैत आला, तोही येणारच होता. माइक ब्राऊनही. मग फॉक्ससाठी तीस संघांत गिऱ्हाईक शोधलं असतं, फक्त इंडियानात नाही. सेंटर मिळाला असता तर बरंच, नाहीतर पिक घेतले असते. २०२५ मध्ये, करार संपत आलेला आणि सगळ्यांना माहीत असलेला की हा जाणार आहे, तरी फॉक्सचे पहिल्या फेरीचे तीन पिक आले. २४ व्या वर्षी, चार वर्षांचा करार शिल्लक असताना, किती आले असते?


धनतोलीकर :

तीनपैकी एक शार्लटचा होता, तो अटींमध्ये अडकून दुसऱ्या फेरीत घसरला. उरले दोन : सॅन अँटोनियोचा २०२७ चा आणि मिनेसोटाचा २०३१ चा. आणि २०२२ मध्ये तीस टक्क्यांनी थ्री मारणाऱ्या, एकदाही प्लेऑफ्स न खेळलेल्या मॅक्स गार्डला तुम्ही समजता तेवढं गिऱ्हाईक नव्हतं. फॉक्सची किंमत २०२३ मध्ये वाढली, आणि ती वाढवली सबोनिसने.


सॅकटाऊनकर :

हेच मी पहिल्यापासून म्हणतोय. उन्हाळ्यापर्यंत थांबायचं तुम्ही वरळीतून म्हणू शकता. इथे सोळा उन्हाळे थांबून झाले होते.